डुकरांची बंदूक

आमचे सर शोधनिबंध शेवटून वाचायचे. आधी संदर्भांची यादी, मग 'मर्यादा' नावाचा जो लहानसा परिच्छेद असतो तो, मग आकडे, आणि सगळ्यांत शेवटी शीर्षक. मी एकदा भीत भीत विचारलं, "सर, असं उलटं का?" ते म्हणाले, "लग्नाला गेल्यावर तू आधी मांडव बघतेस की स्वयंपाक?" मी लग्नात नेहमी मागच्या बाजूला वांगी चिरायला बसलेली असायचे, आणि हे सरांना कुठून कळलं, एवढंच माझ्या मनात आलं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. चोपडा तालुक्यात आमचं गाव. वडील केळीचे घड कापायच्या टोळीत जातात. बी.ए. झाल्यावर समाजशास्त्राच्या एम.ए.साठी मी धुळ्याला आले, तेव्हा 'प्रबंध लिहायचा' म्हणजे नक्की काय करायचं हे मला माहीत नव्हतं. विचारायची लाज वाटायची. सरांबद्दल लिहितानासुद्धा मला तशीच धाकधूक वाटते आहे. चुकलं तर ते हिरव्या पेनाने खूण करतील असं वाटतं.

ते पेन हिरवंच का, याला काही कारण नव्हतं. वर्गातल्या कोणी तरी कारण विचारलं होतं. तेव्हा सर म्हणाले, "दुकानात तेच होतं." त्या पेनाने ते आमच्या वहीत एकच शब्द लिहायचे: 'कोण?' म्हणजे मी लिहिलं, "असं आढळून आले आहे की..." तर समासात 'कोण?' "संशोधन सांगते की..." पुन्हा 'कोण?' वर्गात कोणी तसं बोललंच तर ते म्हणायचे, "संशोधनाला तोंड आहे का? कोणी विचारलं, कोणाला विचारलं, कुठे बसून विचारलं, ते बोल." मग उभं राहून ते सगळं सांगावं लागायचं. नाही सांगता आलं तर सर रागवायचे नाहीत. नुसते वाट बघत राहायचे. ते जास्त अवघड होतं.

धुळ्याच्या उन्हाळ्यात सर डोक्यावर ओला टॉवेल टाकून शिकवायचे. शिकवायचे म्हणजे आमच्या शेजारी पहिल्या बाकावर बसायचे आणि समोरच्या रिकाम्या फळ्याकडे बघत बोलायचे. पंख्याचा त्यांना राग होता. एकदा भर मे महिन्यात म्हणाले, "तो पंखा बंद करा रे. तुम्ही गप्प बसलात की का गप्प बसलात ते मला ऐकू येत नाही." आम्ही अकरा जण घामाने निथळत बसलो होतो. मागून एक मुलगा पुटपुटला, "सर, गरम होतंय म्हणून गप्प बसलोय." सर मनापासून हसले आणि स्वतः उठून पंखा लावला.

शोधनिबंध म्हणजे स्थळ, असं ते म्हणायचे. "कागदावर सगळीच मुलं निर्व्यसनी असतात. आपण चौकशी करतो की नाही?" त्यांनी त्यासाठी एक फॉर्मच छापून घेतला होता. 'गाव' म्हणजे अभ्यास कुठे झाला. 'घरची माणसं' म्हणजे किती जणांना विचारलं. 'व्यसन' म्हणजे लेखकाला कोणत्या बाजूला झुकायची सवय आहे. आणि 'मामा' म्हणजे अभ्यासाला पैसा कोणी दिला. एखाद्या निबंधात पैसा देणाऱ्याचं नाव सापडलं नाही तर आम्ही 'मामा नाही' असं लिहायचो. सर म्हणायचे, "बिनमामाचं स्थळ कुठे असतं का? लपवलाय. शोध."

माझा विषय होता घरातल्या हिंसेत बंदुकीचा वाटा किती, यावर झालेलं संशोधन तपासणं. खरं सांगायचं तर मी तो निवडला, कारण ग्रंथालयाच्या कॉम्प्युटरवर त्या विषयाचे पुष्कळ निबंध होते आणि त्यांतले इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा तेच ते यायचे. मला ते पाठ होत आले होते. होस्टेलच्या मुली चिडवायच्या, "काय वं, गावठी कट्टा घेणार शे का तू?" सरांनी विचारलं, "हा विषय तुला कुठे भेटला?" मी म्हटलं, "नेटवर." सर म्हणाले, "बरं."

जवळजवळ सगळे निबंध परदेशातले होते. मी पहिल्यांदा फॉर्म भरून नेले तेव्हा दोन ढीग केले होते, चांगले आणि वाईट. सरांनी वाईट ढिगातला वरचा निबंध उचलला. "याचं काय चुकलं?"

"सर, तो म्हणतो बंदुकीमुळे फार फरक पडत नाही."

"म्हणून वाईट?"

मी ढिगाच्या कडा सारख्या करू लागले.

"ज्याचा राग येतो तो दोनदा वाचायचा. आणि जो फार आवडतो तो तीनदा." त्यांनी दोन्ही ढीग एकत्र करून पत्त्यांसारखे पिसले आणि मला परत दिले.

मग त्या निबंधांची आमची खरी चौकशी सुरू झाली. काही अभ्यासांनी फक्त गोळी लागून मेलेल्या बायका मोजल्या होत्या. काहींनी नवऱ्याचं घर सोडून आधारगृहात आलेल्यांना विचारलं होतं. म्हणजे ज्या घर सोडू शकल्या त्यांना. काहींनी बंदूक असलेली घरं आणि नसलेली घरं शेजारी शेजारी ठेवली होती, पण बंदूक कोणाच्या ताब्यात असते हे विचारलं नव्हतं. सर प्रत्येक वेळी म्हणायचे, "चांगलं काम आहे हं. मेहनतीचं आहे. आता सांग, विचारायचं कोण राहिलं?" दुसऱ्याच्या कामातलं उणं काढताना ते आधी 'चांगलं काम आहे' म्हणायचे, आणि ते खोटं नसायचं. मला अजून तसं जमत नाही. मी एक तर कौतुक करते नाही तर उणं काढते.

प्रबंधाच्या शेवटी मी एक वाक्य लिहिलं होतं: "आपल्या भागात ही समस्या नाही, कारण इथे घरांत बंदुका नसतात." समासात 'कोण?'

मी म्हटलं, "सर, हे सगळ्यांना माहीत आहे."

"सगळ्यांचा पत्ता दे. मी जाऊन भेटतो."

म्हणून मी दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले, तेव्हा प्रश्नावली घेऊन गेले. गावातल्या पंधरा बायकांना विचारलं. त्यांत माझी फुई, म्हणजे सख्खी आत्यासुद्धा होती, तिचं सासर गावातच आहे. घरात बंदूक आहे का? नाही. नाही. नाही. पंधराच्या पंधरा नाही. मी खूष होऊन परत आले आणि ढीग सरांच्या पुढ्यात ठेवला. सर बशीतून चहा पीत होते. त्यांनी सगळे फॉर्म पाहिले आणि विचारलं, "तुमच्याकडे केळीत रानडुकरं शिरत नाहीत वाटतं?"

"शिरतात की सर! आख्खी रात्र नासधूस करतात."

"मग काय करता?"

"फुवांकडे, म्हणजे फुईच्या मालकांकडे, बंदूक आहे ना. लायसनची."

सरांनी बशी खाली ठेवली. मी काय बोलले ते मला तेव्हा ऐकू आलं.

"ती..." मी म्हटलं, "ती डुकरांची आहे सर."

"कुठे असते?"

"घरात. टीव्हीच्या वर. खिळ्याला." माझे कान तापले. कारण फुईचा फॉर्म मी त्याच टीव्हीसमोर बसून भरला होता. ती बंदूक माझ्या डोक्यावर होती. फुईने 'नाही' सांगितलं आणि मी 'नाही' लिहिलं, आणि आम्ही दोघी खोटं बोललो नव्हतो. आमच्याकडे ती फवारणीच्या पंपासारखी शेतीची वस्तू आहे. घरात हत्यार आहे का, असं विचारलं असतं तर कोणी पंप सांगितला नसता, तसंच हे.

मला वाटलं सर चिडतील. पण ते इतके आनंदले की खांद्यावरचा टॉवेल घेऊन त्यांनी तोंड पुसलं. "अगं, तुझी चूक तर त्या सगळ्या निबंधांपेक्षा चांगली आहे," ते म्हणाले. "निवडणूक उरकली की एखाद्या रविवारी जाऊ या."

सरांबरोबर एस.टी.चा प्रवास म्हणजे एक संकट होतं. ते कंडक्टरलाही प्रश्न विचारायचे. पारोळ्यापर्यंत त्यांनी त्याच्याकडून रविवारी बायका जास्त प्रवास करतात की पुरुष, हे काढून घेतलं. अमळनेर आल्यावर कंडक्टरच उलट त्यांना म्हणाला, "साहेब, सोमवारचं पण सांगू का?"

गावात पोहोचलो तर फुईच्या घरात शोधाशोध चालली होती. गाद्या उलट्या, कपाट उघडं, आणि मधोमध फुवा. फुवा मोठ्या आवाजाचे, हसरे, सगळ्या गावाला हवे असलेले गृहस्थ आहेत. निवडणूक होती म्हणून परवान्याच्या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा केलेल्या होत्या, तशी त्यांचीही दीड महिना तिकडे होती. आता आचारसंहिता उठली होती, आणि जमा केल्याची पावती सापडत नव्हती.

"आठेच ठेवेल व्हता कागद!" फुवा म्हणत होते. "या सर, बसा. घर पहा कसं करी टाकं. उद्या ठाण्यामा जानं शे, आन कागदच नही."

टीव्हीच्या वर रिकामा खिळा होता. मी दिवाळीत आले तेव्हा भरलेला होता.

सरांचा नियम होता की बाईला एकटीलाच विचारायचं, आणि तेही तिच्याच ओळखीच्या बाईने. म्हणून ते फुवांना घेऊन ओट्यावर बसले आणि डुकरांचा विषय काढला. मी आत चुलीपाशी फुईजवळ गेले. संमतीपत्र वाचून दाखवलं, तुम्ही सांगितलेलं आम्ही कोणालाही सांगणार नाही, वगैरे. फुई म्हणाली, "कोनलेच नही?"

"कोणालाच नाही फुई."

"तुना बापले बी?"

"त्यांनाही नाही."

मग मी नवा प्रश्न विचारला, सरांनी प्रवासात बनवून दिलेला: डुकरांची बंदूक घरात असते तेव्हा आणि नसते तेव्हा, काय वेगळं असतं?

फुई भाकर थापता थापता थांबली. "तुना फुवा काहीच करत नहीत वं," ती म्हणाली. "मारत नहीत, उगारत नहीत. नुसती खाली काढतस आन पुसतस. तेल लायी लायी पुसतस." मग भाकर तव्यावर टाकून म्हणाली, "ती ठाण्यामा व्हती तवय मी बठ्ठं बोली लिधं."

बठ्ठं बोली लिधं म्हणजे सगळं बोलून घेतलं. आणि त्या सगळ्यात मोठी गोष्ट होती सोनीची. सोनी ही तिची मुलगी, माझी आतेबहीण. तिला जळगावला नर्सिंगला जायचं होतं आणि फुवांनी पारोळ्याचं एक स्थळ जवळपास पक्कं करत आणलं होतं. त्या दीड महिन्यात फुईने पहिल्यांदा नवऱ्याला तोंडावर सांगितलं होतं, नाही. फुवा चिडले, ओरडले, दोन दिवस रुसले, आणि ते 'नाही' तसंच उभं राहिलं.

"आते बंदूक परत घरमा उनी का मनं तोंड बंद व्हई जास," फुई म्हणाली. "माले माहित शे." तिने उडदाच्या डब्यात हात घातला, आणि चौकोनी घडी केलेला एक कागद काढून माझ्या फाईलमध्ये सरकवला. "हाई बी ठेव. कोनलेच सांगानं नही, तूच सांगं ना?"

मी फाईल छातीशी धरून बाहेर आले. फुवा म्हणाले, "काय वं पोरी, तुना त्या कागदसमा चुकीसन तर नही गया मना कागद?"

मला खोटं बोलता येत नाही. खरंही बोलता येईना. सरांना फाईलमध्ये काय आहे हे माहीत नव्हतं, पण त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"नाना," ते फुवांना म्हणाले, "आमच्या फाईलमध्ये काय आहे ते आम्ही कोणालाच सांगत नाही. तसं लिहून देतो आम्ही. उद्या मी तुम्हाला विचारायला आलो, तर तुमचंही आत चुलीपाशी बसलेल्या अक्कांना सांगणार नाही."

फुवांना हे भलतंच आवडलं. "हाई बरं शे!" ते म्हणाले, आणि पुन्हा गाद्या उलट्या करायला गेले.

गाडीत मी सरांना कागद दाखवला. अमळनेर येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत. कंडक्टरशीसुद्धा नाही. मग म्हणाले, "आज आपण संशोधन बिघडवलं. मोजायला गेलो आणि तराजूवर हात ठेवून आलो."

"मग परत देऊन येऊ का सर?"

"कोणाला? जिने दिला तिला विचारल्याशिवाय कसा देणार?" थोड्या वेळाने म्हणाले, "मर्यादांमध्ये लिही. स्पष्ट लिही. संशोधकांनी हस्तक्षेप केला."

ते मी लिहिलं. माझ्या प्रबंधात 'मर्यादा' हे सगळ्यांत मोठं प्रकरण झालं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "बाई, इतक्या चुका कबूल केल्यावर उरलं काय?" मी चाचरत म्हटलं, "उरलं एवढंच, की जी बंदूक कधी उडाली नाही ती कुठल्याच आकड्यात येत नाही. आणि तिच्याबद्दल विचारायचं तर तिला बंदूक म्हणून चालत नाही." परीक्षकांनी चष्मा काढला. सर खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते. सरांना आनंद झाला की तो कानांत दिसायचा.

सर आता निवृत्त झालेत. मी जळगावला एका संस्थेत घरोघरी पाहण्या करते. मधूनच त्यांचा फोन येतो. कशी आहेस, जेवलीस का, असलं काही नाही. पेपरातली एखादी बातमी वाचून दाखवतात आणि विचारतात, "यात विचारायचं कोण राहिलं?" एकदा मी खूप थकले होते, तेव्हा म्हटलं, "सर, आज तरी तुम्हीच सांगा." ते म्हणाले, "मला माहीत असतं तर फोन कशाला केला असता?"

पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारनंतरच्या आठवड्याचं. पावती हरवल्याचा अर्ज लिहायला फुवा बसले, तेव्हा फुईने स्वतःच सांगून टाकलं की कागद हरवलेला नाही, धुळ्याच्या सरांकडे आहे. दुसऱ्या दिवशी दुपारी फुवा आमच्या विभागाच्या दारात. पांढरा सदरा, टोपी, आणि सोबत केळ्यांची फणी. रागावून आलेला माणूसही आमच्याकडे हात हलवत येत नाही.

सरांनी त्यांना पहिल्या बाकावर बसवलं, चहा मागवला. मी दाराला चिकटून उभी.

"बंदूक मनी, लायसन मनं, आन कागद तुमनाकडे?" फुवा म्हणाले.

"बरोबर आहे नाना, बंदूक तुमचीच आहे. अर्ज करा, मिळेल तुम्हाला. मी अडवणारा कोण? पण कागद मला अक्कांनी दिला. त्यांना विचारल्याशिवाय माझ्या हातून सुटणार नाही."

"अर्जमा 'हरवला' लिखनं पडस. आन हरवेल तर नही!"

"हो, तेवढी पंचाईत आहे," सर खऱ्याखुऱ्या काळजीने म्हणाले. फुवांना हसू आवरेना. मग सरांनी विचारलं, "आलाच आहात तर मी तुम्हाला काही विचारू का? आमच्या सगळ्या अभ्यासात तुमच्यासारख्यांना कोणी विचारलेलंच नाही." आणि त्यांनी संमतीपत्र पुढे केलं. फुवांनी ते पूर्ण वाचलं आणि सही केली.

मला बाहेर जायला सांगायला हवं होतं. सर विसरले, की विसरल्यासारखं केलं, मला अजून माहीत नाही. म्हणून मी ते फुवांना नंतर विचारून, आणि फुईचं फुईला विचारून, त्यांच्या परवानगीनेच इथे लिहिते आहे.

"ती ठाण्यात होती, तेव्हा घरात काय बदललं?"

"काहीच नही." फुवा बशीकडे बघत राहिले. "आवाज वाढना."

"कोणाचा?"

"तिना. माले वाटनं डोकं फिरनं का काय हिनं. मी बी ओरडनू. मंग दोन्ही जन जेवनूत."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी ती कथी बोलस?" फुवा सहज बोलून गेले. मग त्यांच्या हातातली बशी हळूहळू खाली आली. त्यांनी बोटं सदऱ्याला पुसली. मग म्हणाले, "मी तर नुसती पुसू, सर. गंज चढस म्हनीसन."

सरांनी मला फोन लावायची खूण केली. मी फुईला फोन लावला आणि स्पीकर चालू करून बाकावर ठेवला.

"अक्का, नाना इथे आलेत," सर म्हणाले. "कागद मागताहेत. तुमचा आहे. देऊ का?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. सोनी काही तरी विचारत होती, तिला फुईने गप्प केलं. मग दुसरी शिट्टी झाली. मी माझ्या ओढणीचं टोक पिळत होते.

"नका दिऊ, सर," फुई म्हणाली. शब्द नीट ऐकू आले. "आन त्यासले म्हना, सोनीना नर्सिंगना फॉर्म मी भरी टाका."

"ऐकू येस माले," फुवा फोनकडे वाकून म्हणाले.

सर फुवांकडे किंवा फोनकडे न बघता एक केळं सोलू लागले. फुवांनी टोपी काढली, बाकावर ठेवली, पुन्हा घातली. शेवटी त्यांनी सरांना विचारलं, एकदम हळू आवाजात, ज्या आवाजात मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं, "आते त्या पारोळावालासले काय सांगू मी?"

"मला काय विचारता नाना," सर म्हणाले, "अक्कांना विचारा. फोन चालूच आहे."